कोळ्याचा टाका

वैशाख वद्य पंचमी, फार वर्षांपूर्वीची. कोरडा वारा सुटला होता. वाऱ्यात पानांची शिवण उसवू नये असा टाका कोळ्याने शोधला होता. शिंपीण पक्षीण म्हणाली, "कोळीदादा, अंडी घालायची वेळ आलीय. टाका दाखव ना!"

"आधी कलासभा तपासेल."

सभेत एकाची कला दुसऱ्या कलेचे जाणकार तपासत. कोकीळ म्हणाला, "हा वाजत का नाही?" सुतारपक्षी म्हणाला, "भोक कुठंय? ही कसली कारागिरी!"

कोळ्याने टाक्यात शीळ वाजेल अशी फट ठेवली आणि शिवणीच्या तळाला भोकही ठेवले. सभेने टाका एकमताने जाहीर केला.

"आधीचाच शिकव की," शिंपीण म्हणाली.

"तो अमान्य झाला, बाई."

तिने जाहीर झालेल्या टाक्याने घरटे शिवले आणि तीन अंडी घातली. तिन्ही भोकातून खाली पडून फुटली.