मथुराआत्याची पाखाडी

आज गावात जो सगळ्यात म्हातारा आहे, त्याच्या आजीनंही ही गोष्ट नुसती ऐकलेलीच होती, इतकी ती जुनी. तेव्हा कुंभेवाडीत तरणं माणूस औषधालाही उरलं नव्हतं. कुणी गलबतावर गेलं, कुणी पलटणीत. मागं राहिले म्हातारे-म्हाताऱ्या, आणि मथुराआत्या.

मथुराआत्या हाड बसवायची. स्वतः साठीच्या पुढची, पण तिच्या हाताखाली मोडलेलं हाड आपणहून जागेवर सरकायचं, असं म्हणतात. तिचं दुखणं एकच होतं. पाण्याचा झरा डोंगरावर, आणि त्याची वाट म्हणजे नुसता गुळगुळीत काळा कातळ. सारखं कुणीतरी घसरायचं. आत्या कामट्या बांधायची, लेप लावायची, आणि महिन्याभरात तेच माणूस त्याच कातळावरून पुन्हा खाली यायचं. ज्याचं खुब्याचं हाड मोडे, ते अंथरूण धरी आणि तिथंच संपे.

त्या उन्हाळ्यात सात जण पडले. आठवी तिची जिवाची मैत्रीण काशी. पावसाआधीच ती गेली. काशीचं दिवसकार्य झालं तशी आत्या तडक देवळात गेली, जिथं गाव बसलं होतं.

"पायऱ्या पाडा. धरायला बांबू बांधा. किती वर्षं सांगतेय मी?"

सखोजी मानकरी मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आत्या, आमचे वाडवडील ह्याच वाटेनं गेले."

"गेले ना! ह्याच वाटेनं गेले, म्हणून तर सांगतेय!" आत्या कडाडली. "आता ऐका. आजपासून मी एकाचंही हाड बसवणार नाही. हात दुखले माझे."

दुसऱ्या दिवशी ती छिन्नी-हातोडा घेऊन कातळावर बसली. आणि काय सांगावं, तिच्या रागानं तो काळा दगड लोण्यासारखा मऊ झाला, असं म्हणतात. दिवसाला एक पायरी निघू लागली. गाव बघायला जमलं. हात कुणी लावीना, सल्ले मात्र सगळ्यांकडे होते.

"आत्या, ही जरा तिरकी जातेय."

"मग ये आणि सरळ कर!"

एक जण खरंच आला. मग दुसरी आली. कुणी दगड उचलले, कुणी बांबू तासले. ज्यांना उठवत नव्हतं, ते बसल्या बसल्या दोर वळू लागले. सखोजी तेवढे आले नाहीत. बांबू धरून चालायचं म्हणजे मिशीला कमीपणा. ते पायऱ्या सोडून शेजारच्या कातळावरूनच कळशी आणत, आणि दहाव्या दिवशी कळशीसकट खाली आले. पाय मोडला.

आत्या म्हणाली होती, बसवणार नाही. तरी गेली. रस्ताभर शिव्या देत गेली, शिव्या देतच हाड बसवलं. दीड महिन्यानं कामट्या सोडल्या आणि म्हणाली, "उठा."

"वय झालं गं माझं."

"माझं काय कमी झालंय? मी आता पंचावन्न पायऱ्या पाडून आलेय. उठा!"

सखोजी उठले. पहिल्या दिवशी एक पायरी चढले आणि रडले. आत्यानं रडू दिलं, उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, मग रोज दोन-दोन वाढू लागल्या. वर आत्या पायरी पाडत होती, खालून मानकरी बांबू धरून चढत होते. एकशेविसावी पायरी झाली त्या सकाळी सखोजी स्वतःच्या पायांनी झऱ्यापाशी पोचले. त्यांनी ओंजळभर पाणी आत्यापुढे धरलं. झरा त्या क्षणी दुप्पट फुटला, असं म्हणतात. आत्या पाणी प्याली आणि म्हणाली, "हे आधी केलं असतं तर काशी असती."

आत्या किती वर्षं जगली, कुणी मोजलं नाही. अंथरुणावर मात्र ती कधी पडली नाही, एवढं सगळे सांगतात.

कुंभेवाडी आजही मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी आत्याची पाखाडी, म्हणजे ती पायऱ्यांची वाट, चढते. नारळ नाही, गुलाल नाही. तरणी माणसं जुने बांबू काढून नवे बांधतात. मग साठीपुढची माणसं वर बसतात आणि बाकीचं गाव खाली हात जोडून उभं राहतं. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी बोलायचं, गावानं ऐकायचं. वर्षभरात कुठं पाय अडखळला, कुणाला दिसेनासं झालं, कुणाकडे कुणी फिरकलं नाही, सगळं. उलट उत्तर द्यायचं नाही. पुढच्या पौर्णिमेच्या आत ते नीट करायचं. गेल्या साली पार्वतीआजी दवाखान्याच्या उंच उंबऱ्याबद्दल इतकं बोलल्या, की चौथ्या दिवशी तिथं उतार बांधून झाला होता.