कोन्सूची लेक

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या खाडीच्या काठी ती घडली ती खाडीही आता बुजून गेली आहे. ऐका, लहानथोरांनो.

त्या खाडीकाठच्या गावात कोन्सू नावाची एक ख्रिस्ती विधवा राहत होती. तिला एकच मुलगी, रेजीन. रेजीन माशासारखी पोहायची. एका वादळात हिराजी तांडेलाची होडी उलटली, तेव्हा बाकीचे काठावर नुसते ओरडत राहिले आणि रेजीनने पाण्यात उडी घेतली. हिराजीला तिने काठाला लावलं. स्वतः मात्र ती वाचली नाही.

पुढच्या वर्षी हिराजीच्या घरी मुलगी झाली. तिच्या हनुवटीवर तीळ होता, रेजीनच्या होता अगदी तिथेच. सगळं गाव म्हणालं, "रेजीनच आली!" मुलीचं नाव ठेवलं होतं हौसा, पण तिला सगळे रेजीनच म्हणू लागले. ती चालायला लागली तशी पोहायला म्हणून तिला खाडीत नेऊ लागले. पाणी पाहिलं की हौसा थरथर कापायची. लोक म्हणायचे, "आठवेल तिला हळूहळू."

एके दिवशी हिराजी मुलीला घेऊन कोन्सूच्या दारात आला. मागे त्याची बायको पदराने डोळे पुसत उभी होती.

"मावशी, तुझी लेक माझ्यापायी गेली. देवाने ती माझ्या घरी परत पाठवली. आता तुझी तू सांभाळ."

कोन्सूने तो तीळ पाहिला. आपल्या रिकाम्या घरात पुन्हा कुणीतरी 'आई' म्हणून हाक मारेल, एवढंच तिच्या मनात आलं. तिने मुलीला पोटाशी धरलं.

मुलगी कुजबुजली, "तू मला पाण्यात नाही ना नेणार? मी हौसा आहे."

कोन्सूची मिठी सैल पडली.

"हिराजी, ही माझी रेजीन नाही."

"असं का म्हणतेस, मावशी? तुमचा येशूही मेल्यावर परत आलाच ना?"

"आला. पण तोच आला, हातांवरच्या खिळ्यांच्या जखमांसकट. दुसऱ्या कुणाच्या पोटी बाळ होऊन नाही आला. जीव पुन्हा जन्म घेतो असं तुम्ही मानता, त्याला मी नावं ठेवत नाही. पण आम्ही मानतो, माणूस एकदाच जन्मतो, एकदाच मरतो, आणि शेवटच्या दिवशी देव त्याला त्याच्याच नावाने उठवतो. या वाटा वेगळ्या आहेत. दुःखाच्या भरात मी त्यांची एक वाट करणार नाही. रेजीनला एकच आयुष्य मिळालं. ते तिने असं जगून दाखवलं, की त्याला दुसऱ्या आयुष्याची जोड लागत नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान ताठ होती.

तिने हौसाला उचलून तिच्या आईच्या कडेवर दिलं. "हिचं नाव हिला परत द्या. आणि खाऊ मागायला खुशाल माझ्याकडे पाठवा."

त्यानंतर हौसाला कुणी खाडीत नेलं नाही. ती काठावर बसून जाळी विणायला शिकली, आणि पुढे तिच्या हातच्या जाळ्यासाठी लांबलांबचे कोळी त्या गावात येऊ लागले. कुणी विचारलं, "ती परत आलेली रेजीन तूच का गं?" तर ती मान वर करून सांगायची, "रेजीनने माझ्या बापाला वाचवलं. मी हौसा!"

ते ऐकून कोन्सूची छाती दोघींच्याही अभिमानाने भरून यायची.

तात्पर्य: आपलं दुःख हलकं करण्यासाठी दुसऱ्या जिवाची ओळख कधी हिरावून घेऊ नये.