नाईक दमाजी आणि दह्यातली आंबू

फार जुन्या काळी अनसा नावाची एक कुंभारीण होती. तिच्या अंगात पहारेकऱ्यांची फौज राहायची. रोगाचा जंतू आला की फौज त्याला पिटाळून लावायची. पण एका मोठ्या तापाच्या धामधुमीत फौजेचा नाईक दमाजी चकला. त्याला अनसाच्या बोटांचे सांधेच परके वाटू लागले. तो रोज त्यांच्यावर तुटून पडे, आणि बोटं सुजून लाल होत. अनसाला मडकं थापवेना.

एके दिवशी दह्याच्या घासाबरोबर आंबू नावाची जीवाणूंची इवलीशी पोर तिच्या आतड्यात उतरली. दमाजी भाला घेऊन धावला. "कोण गं तू?"

"पाहुणी आहे, मामा. पण तुम्ही किती दमलात! बसा की जरा."

असं त्याला कधी कुणी म्हटलंच नव्हतं. तो बसला. "सांध्यांत शत्रू लपलाय. बसून कसं चालेल?"

"तुम्ही त्याला पाहिलंत?"

"पाहिलं नाही. पण वार केला की तो ओरडतो."

"मामा, घरच्या माणसाला मारलं तर तेही ओरडतंच ना?"

दमाजी उठून बोटांकडे गेला. त्यानं सुजलेल्या सांध्याला हळूच हात लावला. सांधा भीतीनं थरथरला. दमाजीच्या हातून भाला गळून पडला.

सगळे शिपाई लगेच ऐकणारे नव्हते. आंबू आणि दह्याबरोबर मागून आलेल्या तिच्या बहिणी रोज एकेकाजवळ बसून त्याची समजूत घालत राहिल्या. बऱ्याच महिन्यांनी अनसानं एक लहानसं, जरा वाकडं मडकं थापलं. तेव्हा दमाजी तिच्या बोटाच्या सांध्यापाशीच पहाऱ्याला उभा होता, सांध्याकडे पाठ आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंकडे तोंड करून.