तबकडीवरचं पान

लॅपटॉपच्या पोटात अजून तबकडी फिरायची, तेव्हाची गोष्ट. गुरांच्या डॉक्टर निर्मला खोब्रागडे यांच्या लॅपटॉपमध्ये एक हायब्रिड ड्राइव्ह होता. त्याच्याकडे एक छोटासा चपळ कप्पा होता आणि एक मोठी संथ तबकडी. बाई रोज जे मागत, ते तो चपळ कप्प्यात हाताशी ठेवी. बाकी सगळं तबकडीवर.

एकदा एका गाईने ज्वारीचे विषारी कोवळे फुटवे खाल्ले. जीपमध्ये बसल्या बसल्या बाईंनी औषधाचं प्रमाण लिहिलेलं पान मागितलं. रस्ता खडबडीत होता, आणि धक्के बसले की तबकडी जिवाच्या भीतीने थांबे. रोजची गाणी तेवढी झटकन उघडत होती. पान उघडलं ते जीप गोठ्यापाशी थांबल्यावर. गाय वाचली, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात गेल्या. तिथल्या एसएसडी नावाच्या नव्या ड्राइव्हमध्ये फिरणारं काही नव्हतंच. एसएसडी म्हणाला, "माझ्याकडे रोजचं आणि क्वचितचं असा भेद नाही. सगळं सारखंच पटकन मिळेल."

हायब्रिड हळूच म्हणाला, "बाई, ते पान तुम्ही चार वर्षांत एकदाच मागितलंत. मला वाटलं, तुम्हाला त्याचं फारसं काही नाही."

बाईंनी एसएसडीच घेतला.

"पण माझ्यात जागा निम्मीच आहे," तो म्हणाला. "निम्मं इथेच सोडावं लागेल. सांगा, आधी काय घेऊ?"

बाईंचं बोट सवयीने गाण्यांकडे गेलं, आणि तिथेच थबकलं.