टिटवीचा पोटगट

फार जुनी गोष्ट, पाखरं अजून सभा भरवायची तेव्हाची. बांधावरच्या लिंबावर पक्षी-अभ्यास मंडळाची बैठक बसली होती. टिटवी जीव मुठीत धरून बोलायला उभी राहिली, कारण खालच्या शेतात नांगर फिरत होता आणि तिची चार अंडी तिथंच ढेकळांत उघडी पडली होती.

"जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचा पोटगट काढू द्या. नांगराचं काय करायचं ते आम्ही मिळून शोधू."

अध्यक्ष बगळेबुवांनी अर्ज उलटसुलट केला. "पोटगटाला पाच सभासद लागतात, बाई. आणि सभासदाला घरटं लागतं. तुझं कुठल्या झाडावर?"

"आम्ही झाडावर घरटं बांधतच नाही, बुवा! म्हणून तर पोटगट हवाय."

"मग आधी बांध की!" कावळा खिदळला. सगळी विद्वान मंडळी हसली. हसणारच, सगळी झाडावरची.

बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ आला. टिटवीनं अर्ज बुवांपाशीच सोडला, खाली झेपावली आणि बैलांच्या तोंडापुढं घसा फोडून ओरडू लागली. ते ऐकून तिच्यासारखेच जमिनीवर अंडी घालणारे दोन चंडोल धावले, दोन लावे धावले. पाचांचा कालवा बघून नांगरवाला थांबला, खाली वाकला आणि अंड्यांना वळसा घालून पुढं गेला.

वर बगळेबुवा अजून विचारत होते, "पाच सभासद आहेत का?"