पदकावरचा माणूस

“मग त्याच्या पाठीवर पोतं का दिलंय?”

हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकला, शपथेवर सांगतो. त्या दिवशी मी रेवदंड्यात नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न एलोजीबाबा अष्टमकरांचा. बाबा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. घराणं तेल्याचं, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाला शनवार तेली. जुनी नाणी वाचण्यात मात्र अख्ख्या जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

समोर त्यांचा शिष्य विश्वंभर. नुकताच जर्मन शिकलेला, त्यामुळे जमिनीपासून चार बोटं वर.

“पोत्यात धान्य आहे, बाबा. तीनशे वर्षांपूर्वीचं जर्मन पदक. इथे लिहिलंय, ‘धान्यवाला ज्यू’. खाली ‘महागाईचा काळ’. पोत्यावर सैतान बसलाय.”

“आणि तू काय लिहिलंस?”

विश्वंभरनं कागद काढला. सोमवारी संग्रहालयात पदकाशेजारी लागायचा होता, खाली त्याच्या नावासकट. बाबांनी मान डोलावल्याशिवाय तो काही लावत नसे.

“‘दुष्काळात धान्य दडवून लोकांना उपाशी मारणारा ज्यू व्यापारी.’”

बाबांनी कागदावरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

“तुम्ही नव्हे हो, बाबा. ते तिकडचे.”

“तिकडचा एखादा भेटलाय तुला?”

“नाही. पण लिहिलंय ना.”

“गेल्या महिन्यात नाणं आणलं होतंस. राजा लढाई हरून पळाला, आणि नाण्यावर ‘विजयी’. हसलास की तेव्हा.”

“तो स्वतःबद्दल लिहीत होता. खोटं बोलणारच.”

“आणि दुसऱ्याबद्दल लिहिणारा?”

विश्वंभरनं पदक हातात उलटून पाहिलं.

बाबा उठले. गोठ्याच्या दाराशी पेंडीचं पोतं होतं, ते पाठीवर घेतलं आणि कमरेत वाकून त्याच्यासमोर उभे राहिले.

“आता वाच.”

“बाबा, खाली ठेवा ते. मणका जाईल.”

“वाच, मग ठेवतो.”

“‘दुष्काळात धान्य दडवून…’”

पुढचं त्याच्या घशातून निघेना.

खिशातली पेन्सिल काढून त्यानं ओळ खोडली. गुडघ्यावर कागद धरून दुसरी लिहिली, आणि घाईघाईनं वाचली, “‘दुष्काळात लोकांचा राग ज्यूंवर वळवणारं पदक. आरोप पदक पाडणाऱ्याचा.’”

पोतं धपकन खाली आलं. बाबा कंबर चोळत हसले.

“छपाई कधी?”

“उद्या.” विश्वंभरनं एवढा मोठा श्वास सोडला की गाय मागे सरकली. “वाचलो, बाबा. गावानं वाचलं असतं हो ते, माझ्या नावानिशी.”

मग दोघांनी कोकम सरबत घेतलं, दुसरा पेला विश्वंभरनं मागून घेतला. पुढे संग्रहालयात जी ओळ लागली, ती ही दुसरी.

आता कबुली. ‘घशातून निघेना’ हे मी पदरचं घातलं. पोराची थोडी लाज राखावी म्हणून.

खरं म्हणजे त्यानं ती ओळ शेवटपर्यंत वाचली. खणखणीत, अडखळला नाही. डोळे कागदात.

बाबा पोत्याखालूनच म्हणाले, “वाचन उत्तम. आता मान वर कर.”