ताज्या हुर्राकची पाटी

माझ्या शेवंतीमावशीच्या पेडण्यातल्या बारला ‘उत्तम ताजी हुर्राक’ असा पुरस्कार मिळाला, त्याची पाटी भिंतीवर लागली आणि तिचं डोकं उठलं. काजूच्या बोंडांची ही दारू हंगामापुरतीच असते. तरी जुलैतही जो तो येऊन तीच मागे. शेवटी पुरस्कार समितीचे केंकरे साहेब आले.

“पुरस्कार घेता आणि हुर्राक नाही? पाटी काढून नेतो,” म्हणत ते स्टुलावर चढले.

मावशीने कपाळाला हात लावला. “काढा. पण आधी मोठ्याने वाचा बघू.”

“उत्तम ताजी हुर्राक.”

“बोंडं मे महिन्यातच संपली, साहेब. आज तुम्हाला हुर्राक दिली असती, तर पाटी काढायला स्टूल मीच धरलं असतं.”

साहेब खाली उतरले आणि त्याच स्टुलावर बसून त्यांनी लिंबूसोडा मागवला.